हजेरीपट

सेंकूला मिळणाऱ्या एका ओढ्यावर पूल व्हायचा होता,
लेसोथोच्या डोंगरात,
जिथे जूनमध्ये पाण्यावर बर्फाची साय धरते.

गावसभेत पुरुष पुढे बसले, घोंगड्या पांघरून.
सगळ्यांची बोटं खालच्या उताराकडे:
गुरं तिथूनच उतरतात.
बायका मागे, गवतावर.
त्यांना विचारलं अगदी शेवटी,
तेही इंजिनियर घड्याळ बघता बघता.
तरी माखोत्सो म्हातारी उठली, गुडघ्यावर हात देऊन.
"गुरांना पोहता येतं," म्हणाली.
"कळा सुरू झालेल्या बाईला नाही येत.
दवाखाना वरच्या अंगाला आहे."
इंजिनियरने नकाशा उलटा धरला, मग सुलटा.
म्हणाला, बघू.

मी हजेरी लिहिणारी.
टेबल म्हणजे सिमेंटच्या दोन गोणी,
पेन थंडीनं आखडलं की काखेत धरायचं.

मासेरूहून ट्रक आला: हातमोजे, फावडी, बूट.
बूट सगळे नऊ नंबरचे.
बायकांनी आत मेंढीची लोकर कोंबली
आणि खडी फोडायला गेल्या.
चालताना बूट आधी पोचायचा,
पाय मागाहून.

छापील कागदावर एक रकाना होता: महिला, टक्के.
साहेबांना तो भरलेला हवा.
मला नावं हवी होती.

आमच्याकडे लग्न झालं की सासर नवं नाव देतं,
जन्माला न आलेल्या लेकराची आई म्हणून.
लेकरू होवो न होवो,
बाई तेवढी त्याची आई होऊन बसते.
मामोलिसे अशीच.
पहिल्या सकाळी मी विचारलं, "नाव?"
ती म्हणाली, "मामो..." आणि थांबली.
फावड्याचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.
"न्खोपोलेंग," म्हणाली. "असं लिही."
अकरा वर्षं घडी करून ठेवलेलं लुगडं
उन्हात झटकावं, तसं म्हणाली.
मग रांगेतल्या पुढच्या बाईनेही
आईने ठेवलेलं नाव सांगितलं,
तिच्या पुढचीने जरा आठवून.

पगाराच्या दिवशी तिचा नवरा आला.
घोडा बांधला, टोपी काढली,
अगदी अदबीनं म्हणाला,
"मामोलिसेचे पैसे द्या, मी घेऊन जातो."
मी हजेरीपट त्याच्याकडे फिरवला.
"अशी बाई इथे कामाला नाही."
त्याने वरून खाली बोट फिरवलं,
मग खालून वर.
मागे बायका खडी चाळत होत्या,
चाळणीचा आवाज जरा जास्तच.

मी खोटं बोलले नाही.
फक्त मदतही केली नाही.

बराच वेळ तो उभा होता.
मग हळूच, घोड्यालाही ऐकू जाऊ नये असं:
"तिचं... पहिलं नाव काय होतं?"
मला सांगता आलं असतं.
मी म्हटलं, "तिलाच विचारा."

त्या रात्री त्याने विचारलं की नाही, मला ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी ती आली, सही केली,
नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
त्यातली एक बुटात ठेवली, लोकरीखाली.
बाकीच्यांचं मी कशाला सांगू.

पूल झाला.
म्हातारीने दाखवलं होतं तिथे नाही, गुरांच्या उतारावरही नाही,
मध्येच कुठेतरी, मिटवलेल्या भांडणासारखा.
कठडा साहेबांच्या कमरेला लागतो,
डोक्यावर मोळी असलेल्या बाईला अजून तिरकंच व्हावं लागतं.
फलकावर मंत्र्यांचं नाव आहे, ठेकेदाराचं आहे.
माझा हजेरीपट खोक्यात बंद होऊन मासेरूला गेला.

पण तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी
ओल्या काँक्रीटवर कुणाचा तरी बूट उमटलाय.
नऊ नंबरचा, खोल.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले,
कुणा गड्याचा असेल.
मी मान डोलावली.
आत किती लोकर होती
ते काँक्रीटला माहीत.