चोवीस मीटर तार

गणित पुस्तकातलं, पान एकशे बारा:
‘चोवीस मीटर तारेचं कुंपण घालून
आयताकृती मेंढवाड्याचं जास्तीत जास्त क्षेत्रफळ काढा.’
उत्तर छत्तीस. मागच्या पानावर, बारीक छापलेलं.
सतरा वर्षं मी ते फळ्यावर लिहिलं
आणि सतरा वर्षं छत्तीसच आलं,
दिवेलागणीला कोंबडी खुराड्यात येते तसं,
न हाकता.

त्या मंगळवारी डस्टर हातातच होतं.
आधी ‘आयताकृती’ पुसलं.
मग ‘जास्तीत जास्त’.
मग, हात चाललाच होता म्हणून, ‘काढा’.
उरलं ते असं:
तार चोवीस मीटर. मेंढ्या आहेत.
काय कराल?

चिलोए बेटावरची नववी. कुणी बोलेना.
शेगडीत ओलं लाकूड तेवढं चुरचुरत होतं.
एलिआसार गाम्बोआ म्हणाला, “बाई, प्रश्न अर्धाच आहे.”
“असू दे,” मी म्हटलं.
त्याला ते रुचलं नाही. याला गुण किती, म्हणाला.

मग कुणीतरी चौरस काढला, छत्तीस.
जुनी ओळख, मी मान हलवली.
ओरितियानं तारेचं कडं केलं: पंचेचाळीस आणि वर थोडं.
“पण गोलाला खुंट जास्त लागतील,” शेजारीण म्हणाली,
आणि दोघी खुंटांच्या भावावरून भांडत बसल्या.
एकाचं म्हणणं, मेंढ्या दोनच असतील
तर एवढी तार कशाला, निम्मी विकू.
यात चूक कुठे ते मी शोधत होते.
अजून शोधते आहे.

रोसाउरा चिग्वाय खिडकीशी बसते.
खाडीवरची नजर न काढता म्हणाली,
“एका बाजूला समुद्रच धरला तर?”
सहा, बारा, सहा. बहात्तर!
कुणी बाक बडवला, कुणी शिट्टी घातली;
फुकटची भिंत, दुप्पट जमीन.
मी खडू उचलला, उत्तराखाली दोन रेघा मारायला
(त्या रेघांची मला फार सवय),

तेवढ्यात मागून हेर्मोहेनेस नाईन,
ज्याचा आवाज मला हजेरीपुरता ठाऊक:
“किती वाजता?”

“काय किती वाजता?”

“समुद्र. किती वाजता धरलाय?
आमचा एडका असाच गेला, ऑगस्टात.
ओहोटी लागली, भिंत निघून गेली,
हा चिखलातून चालत समोरच्या बेटावर.
बाबा होडी घेऊन गेले, तर होडीच रुतली.”

हसले सगळे, पण जरा थांबून हसले.
मग वह्यांत माना गेल्या.
किनारा दहा मीटर उघडा पडतो असं धरू:
तार दहा खाली, दहा खाली, रुंदीला उरली चार.
ओहोटीला चाळीस चौरस मीटर, सगळा चिखल.
भरतीला शून्य.
“आणि मेंढ्या?” ओरितियानं विचारलं.
क्षेत्रफळाला पहिल्यांदाच
घड्याळ लावावं लागलं.

दाराच्या काचेत मुख्याध्यापक बाराओना.
तासभर एकच गणित? त्यांनी भुवईनं विचारलं.
मी बोट वर केलं: एकच.
आणि तेही झालेलं नाही, हे बोटानं कसं सांगायचं.

पाठटिपणाच्या वहीत, ‘आज पूर्ण झालेला भाग’ या रकान्यात
मी ‘क्षेत्रफळ’ लिहिलं. ‘पूर्ण’वर पेन थबकलं.
रकाना छापील होता. खोडता येईना.
रात्री झोपताना आठवलं,
एडका परत आला का ते विचारायचंच राहिलं.

सकाळी दारातच एलिआसार उभा,
गुण विचारणारा तोच.
मामाच्या होडीतलं भरती-ओहोटीचं कोष्टक
त्यानं टराटरा फाडून आणलेलं, डिझेलचा वास असलेलं.
“बाई, अजून अर्धाच आहे,” म्हणाला.
“अमावस्येला काय करायचं? उधाणाला?”