परतीचा सामना

सफरचंदाच्या खोक्यावर बारीक अक्षरात
पोलंडमधल्या एका गावाचं नाव असतं,
तीन व्यंजनं एका श्वासात, जीभ अडखळते.
त्या गावात बायकांचा हँडबॉलचा क्लब आहे
हे कळलं तेव्हापासून मी त्यांची.
कुणी बोलावलं नव्हतं.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून, आवाज बंद,
पोरगं झोपलेलं.
तरी मला ऐकू येतं
बुटांचं रबर लाकडावर कर्रकन वळताना.
आम्ही मातीत खेळायचो.
आमचे पाय वळले की नुसती धूळ व्हायची.

ऑक्टोबर संपताना त्यांनी घड्याळ मागं घेतलं
आणि माझी झोप तासभर आखडली.
साडेदहा ते बारा सामना, तीनला उठणं,
चारला फळबाजारात काटा आणि पावत्या.

सोळा नंबर. गोलकीपर. चौतिशीची असेल.
केस आवळून बांधलेले, भाकऱ्या थापायला बसल्यासारखे,
डाव्या गुडघ्याला पट्टी.
ती चेंडू झेलत नाही. हे लोकांना समजत नाही.
ती फक्त मोठी होते,
हात, पाय, सगळीकडून,
दोरीवर टाकलेल्या गोधडीएवढी,
आणि चेंडू तिला लागतो.
लागणं हेच काम.

धुमाळ सर म्हणायचे, मढवी,
बाकी काही जमलं नाही तरी चालेल, डोळे मिटू नकोस.
मी एकदाच मिटले.
घणसोलीचं मैदान, समोर उरणच्या पोरी,
शेवटचा मिनिट, सात मीटरवरून.
तेवीस-बावीस.
फळ्यावर खडूनं लिहिलेलं, कुणीतरी लगेच पुसलंही.

डिसेंबरात त्या आपापल्या देशासाठी खेळायला गेल्या.
सोळा नंबरला कुणी बोलावलं नाही.
जानेवारीत परत दिसली, तेव्हा पट्ट्या दोन्ही गुडघ्यांना.
गटात कशाबशा चौथ्या.
मग उपांत्यपूर्व फेरी,
परक्या गावात सहा गोलांनी हरल्या.

पण त्यांच्यात दोन सामन्यांची बेरीज करतात.
हे मला फार आवडतं.
हरलेलं आठवडाभर उघडं ठेवायचं,
उधारीच्या पानासारखं,
अजून वळतं करता येईल म्हणून.

नेमका एप्रिल. देवगडच्या गाडीमागं गाडी,
सगळ्यांना रात्रपाळी.
मोबाईल पावतीबुकाखाली,
एक गाडी गेली की एकदा बघायचं.
सोळा-तेरा.
चोवीस-वीस.
पेंढा नाकातोंडात, कुणाची तरी वजनावरून भांडणं,
मग नेट गेलं.
आलं तेव्हा तीस-पंचवीस.
जिंकल्या. पाच गोलांनी.
म्हणजे बाहेर.

पहाटे पाचला, चहाच्या टपरीवर, शेवटचा मिनिट पाहिला.
गोल मोकळा सोडून सातवी चढाईला पाठवली होती
आणि सोळा नंबर बाकावर,
मांडीवर टॉवेल, त्याची घडी घालत,
पुन्हा उलगडत.
डोळे उघडे होते.
त्यांचा काही उपयोग नव्हता, पण उघडे होते.

तेवढ्यात ढेबे हमालानं लांबून आंबा फेकला,
ताई, घ्या, पायरी आहे.
माझा पाय उठला, दोन्ही हात बाजूला गेले,
आंबा चपलेवर आपटून फुटला,
रस पार सलवारीपर्यंत.
ढेबे बघतच राहिला.
अहो, झेलायचा ना, म्हणाला.

आता त्याला काय सांगू.