कव्हर

आमच्याकडे कव्हर म्हणजे जूनमधला खाकी कागद.
बाबा लादीवर मांडी घालून बसायचे,
कात्री, डिंकाची बाटली, फूटपट्टी,
आणि भूगोलाचे कान आतल्या बाजूला दुमडायचे.
वर स्टिकर. स्टिकरवर मी:
शर्वाणी दत्ताराम आंबेरकर, सहावी ब.
पुस्तक ज्याने लिहिलं त्याचं नाव आत, अंधारात.

आता एकावन्नाव्या वर्षी
मी गाण्यांना कव्हर घालते.
घालत नाहीत गं, करतात, म्हणतो आमच्यातला फ्रेडी लोपीस,
गोराईहून, तोंडात पिक धरून.

या महिन्याचा नियम त्यानेच काढला:
जुनं काही नको.
ज्याचं पहिलं गाणं येऊन दोन दिवाळ्या झाल्या नाहीत
असं कुणीतरी शोधा.
मी कुरकुरले. मला जुनीच येतात.
जुनं गाणं म्हणजे तीन पिढ्यांनी बसून बसून दाबलेली गादी,
कुठेही टेका, खड्डा आपल्याच मापाचा.

मग लॅबमधल्या पोराने
रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवता चिकटवता
ऐकवलं ऋजुलचं ‘लिफ्ट बंद आहे’.
तेवीस वर्षांची, मानखुर्दकडची.
चौदाव्या मजल्यावर राहते, निदान गाण्यात तरी.
हातात कुल्फी, घरी भाऊ तापाने फणफणलेला,
विरघळायच्या आत पोचायचंय.
बस. एवढंच.
ना चंद्र ना सखा,
चौदा मजले एका दमात.

माझ्या युकुलेलेला चार तारा.
सगळ्यात वरची जाड असेल असं वाटतं
आणि ती निघते बारीक,
बेल वाजली की घरातली धाकटीच आधी दाराशी येते तशी.
मूळ गाणं ई मध्ये.
या वाद्यावर ई म्हणजे एका नळावर चार भाडेकरू.
मी ते चार पट्ट्या खाली आणलं, सी मध्ये,
तिथे एक बोट पुरतं
आणि माझा आवाजही हल्ली तिथेच राहायला गेलाय.

पण दम.
आमच्या सोसायटीची लिफ्ट गणपतीपासून बंद.
पाचवा मजला, उजवा गुडघा.
पाचव्याला माझा श्वास संपतो.
गाण्यातल्या पाचव्याला म्हणतेय मी.
अकरा वेळा रेकॉर्ड केलं,
मोरीत, पालथ्या बादलीवर फोन टेकवून,
अकराही वेळा पाचव्यालाच.

बाराव्या वेळी थांबले.
म्हणजे सरळ थांबलेच. तारांवर तळवा ठेवला.
तुस्कानोबाईंच्या कुकरची शिट्टी झाली,
ती तशीच राहू दिली.
मग सहावा, सातवा. मग आठव्यावर पुन्हा.
तिच्या गाण्यात नुसत्या पायऱ्या होत्या,
माझ्यात मजले आले:
दारापुढे उलटसुलट चपला,
रंगाच्या डब्यात लावलेली कोरफड,
मीटरच्या खोक्यात लाल मिचमिच,
आणि कठड्याला धरून उभी एक बाई,
कुणीतरी धावत वर गेलंय
त्याचे पांढरे थेंब बघत.

तिचं गाणं दोन मिनिटं दहा सेकंद.
माझं पावणेपाच.
फ्रेडी म्हणाला, कुल्फी विरघळली की गं.
विरघळलीच.

पाठवताना नाव घालायचं होतं.
सवयीने आधी माझंच लिहिलं, वडिलांसकट.
मग खोडलं. वर ऋजुल लिहिलं.
खाली, जागा उरली तिथे, शर्वाणी,
आणि कुकर: तुस्कानो.

काल तांदूळ घेऊन तिसऱ्यावर टेकले होते.
चौथ्या मजल्यावरची पोरगी खालून दोन-दोन पायऱ्या गाळत आली,
ओठांत तेच गाणं.
माझं नाही, तिचं. ते भरधाव.
मी पिशवी पायाशी ओढली,
भिंतीला चिकटून वाट दिली.