पारोसं पाणी

बाटली एक लिटरची, तोंड रुंद, झाकण निळं.
सोबत कागद, तीन भाषांत:
रात्री शेवटचा नळ बंद केल्यापासून सहा तास
घरात कुठेही पाणी सोडू नका,
संडासातसुद्धा नाही.
सकाळी उठल्याउठल्या स्वयंपाकघरातला थंड नळ,
आणि पहिली धार, अगदी पहिली,
बाटलीत.

मिलवॉकीच्या दक्षिणेला, रेल्वेपुलापलीकडे
अशा चाळीस बाटल्या वाटल्या मी ऑक्टोबरात.
याद्विगा कुबियाक, वय एक्क्याऐंशी,
काठी टेकत मला तळघरात घेऊन गेल्या.
रस्त्याकडून भिंतीतून आत आलेली नळी,
राखाडी, जोडापाशी कांद्यासारखी फुगलेली.
किल्लीने खरवडली. चकाकली.
लोहचुंबक लावला, तो चिकटलाच नाही.

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी
हसनचाचा कल्हई लावायचे.
बाजारातून आणलेली कथलाची कांब
आधी कानापाशी धरून वाकवायचे.
म्हणायचे, कथील करकरतं, पोरी.
शिसं गप्प वाकतं.
गप्प वाकली ती कांब परत.

कुबियाकबाईंचा आकडा आला: एक.
अब्जात एक भाग.
पुन्हा लावून पाहिलं. एक.
शेजारच्या घरी, त्याच वयाच्या नळीतून, एकोणीस.

परत गेले.
बाटली कधी भरलीत?
"साडेपाचला. भांडी घासून झाल्यावर.
मग पाणी वाहू दिलं चांगलं गार होईपर्यंत.
बाटलीही विसळली दोनदा.
तू नगरपालिकेतून आलेली,
तुला काय रात्रीचं साचलेलं देऊ?"

माझ्या भाषेत त्याला शब्द आहे, पारोसं.
अंघोळ न केलेला माणूस,
केर न काढलेलं घर,
हंड्यात रात्रभर राहिलेलं पाणी.
ते झाडाला ओतायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं
आणि मगच पाहुण्यापुढे तांब्या.
त्यांच्या पोलिशमध्येही असेल एखादा.
विचारायचं राहिलं.

म्हटलं, मला तेच हवंय.
रात्रभर नळीला टेकून निजलेलं.
या घरातलं सगळ्यात वाईट पाणी.

बराच वेळ त्या मेणकापडाचा दुमडलेला कोपरा
सरळ करत बसल्या. तो पुन्हा दुमडत होता.
"साठ वर्षांत या घरात कुणाला वाईट दिलं नाही.
पाच पोरं वाढवली ह्याच्यावर."

सूचनांच्या कागदात यावर काही नव्हतं.

दुसरी बाटली आणायला गेले तर नळाला मोजा,
लोकरीचा, लाल, टाचेला रफू केलेला.
नवऱ्याच्या रात्रीच्या गोळीला चुकून उघडू नये म्हणून.
बाटली त्यांनी दोन बोटांत धरून दिली,
उष्टं ताट द्यावं तशी, नजर दुसरीकडे.

आम्लाचे थेंब घातले, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली.
पाणी चष्म्याच्या काचेसारखं.
तांबं ठीक. क्लोरीन ठीक. जंतू नाहीत.
शिसं सदतीस.
गप्प.

आकडा सांगायला गाळणीचा जग घेऊन गेले.
ओट्यावर फडक्यावर पालथी घातलेली
पणतीची दुधाची बाटली.
ती आम्ही दोघींनी पाहिली
आणि दोघींनी पाहिली नाही.

कुबियाकबाईंनी एवढंच विचारलं:
"तो पहिला एक, तो राहील का तुझ्या वहीत?"
नाही, तो रद्द होतो.
"खोटा नव्हता पण तो."
नव्हता, म्हटलं.

मग त्या उठल्या, कॉफी करते म्हणाल्या.
नळ सोडला. पाणी वाहू लागलं.
त्या ओठातल्या ओठात मोजू लागल्या, त्यांच्या भाषेत.
मी माझ्या.
मी शंभरावर थांबले.
त्या मोजतच होत्या.