पाच प्रती

केगावला विद्यापीठाच्या फाटकापासून
तीन दुकानं सोडून माझं बाइंडिंगचं दुकान.
मार्च सरत आला की पोरं येतात,
तोंडं उतरलेली, बोटांना शाई,
"ताई, उद्या सबमिशन आहे की."
सगळ्यांचं उद्याच असतं.

काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती.
मी वाचत नाही. पानं लावते.
पण क्रम तपासताना
डोळा अडखळतोच कुठंतरी.

रेणुका म्हेत्रेनं तीन वर्षं नान्नजच्या माळावर
माळढोक हुडकला.
चौथ्या प्रकरणात तारीख, वार,
वारा कुठून, गवत किती बोटं,
आणि पुढच्या रकान्यात शून्य. शून्य. शून्य.
मी म्हटलं, छापायचं राहिलंय का गं काही?
म्हणाली, नाही ताई, हेच सापडलंय.

गणितवाल्या हत्तुरेचं तर चिन्हांचं वारूळ.
मधेच तीन ठिपके,
रांगोळी काढायला घ्यावी
आणि आतून कुणी हाक मारावी, तसे.
विचारलं, तर म्हणाला, त्याचा अर्थ 'म्हणून'.
एकशे ऐंशी पानं म्हणून, म्हणून करत
एका रिकाम्या चौकोनापाशी थांबतात.
तो म्हणजे 'झालं'.
एवढ्या लवकर झालं म्हणता आलं असतं मला कशाला,
तर मीही गणितच घेतलं असतं.

मेहजबीन बागवाननं बावीस विहिरींत
पांढरा दोरा बुडवला,
वाळवला, पानावर चिकटवला.
काही दोरे पांढरेच राहिले.
काही जांभळे, एक पोपटी,
आमच्या गल्लीतला गंजासारखा.
एका प्रतीत बावीस दोरे, पाच प्रतींत एकशे दहा.
शिकंजा कितीही आवळला
तरी तिचं पुस्तक सपाट होत नाही.
नको होऊ दे.

नाटकवाल्या पोराच्या नाटकात
सासू तेलुगूत भांडते, सून कन्नडात,
रिक्षावाला दखनीत मध्ये पडतो
आणि मराठीत फक्त लाइटबिल येतं.
नाव एवढं लांब की कण्यावर मावेना.
मी म्हटलं, अर्धं खोड.
तो तासभर बाकड्यावर बसून राहिला,
मग एक अनुस्वार कमी केला.

काल संध्याकाळी विनायक सुरवसे आला.
'यंत्रमाग कामगारांची श्रवणक्षमता.'
दोनशे चौदा पानं, घासाघीस दहा मिनिटं.
दुकानात पंखा, बाहेर त्रेचाळीस डिग्री.
मी पानं लावत होते.
पंच्याण्णव, शहाण्णव.
सत्त्याण्णव.

नमुना क्रमांक एक्केचाळीस. पुरुष, वय त्रेसष्ट.
चादर खातं, चौतीस वर्षं, खिडकीकडचा माग.
उजवा कान मध्यम.
डावा, जवळजवळ नाही.
शेरा: तपासणीआधी विचारलं, चहा आहे का.
शेरा: म्हणतात, कारखाना बंद झाल्यापासून
माग जास्त ऐकू येतो.

नाव नव्हतं. नाव नसतं तिथं.
पण खिडकीकडचा माग, आणि चहा.

लहानपणापासून मी नायनांच्या डाव्या हाताला बसून जेवतेय.
शाळेत पहिली आले ते तिथूनच सांगितलं,
लग्न मोडलं तेही.
दोन्ही वेळा त्यांनी आमटी मागितली.
मी मनात धरून ठेवलं होतं,
ह्या माणसाला कशाचं काही नाही.

सुरवसे म्हणाला, ताई, पान फाटलंय का?
म्हटलं, नाही. बरोबर आहे.
अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.
दोरा ओवला, गाठ मारली,
अक्षरांचा ठसा तापत ठेवला.
'श्रवण'मधला श्र जरा वाकडा उठला
पहिल्या प्रतीवर.
ती त्याला दिली नाही. सहावी करून दिली,
तिचे पैसे घेतले नाहीत.

रात्री माझं ताट उजवीकडं मांडलं.
नायना म्हणाले, आज इकडं कसं काय?
म्हटलं, पंख्याचा वारा लागतो.
हं, म्हणाले.
मग, पहिल्यांदाच असेल,
भाकरी मोडता मोडता विचारलं त्यांनी,
"काय काय असतं गं त्या पुस्तकांत?"