मीटर नसलेल्या जागी

एप्रिलात होडावड्यातले मीटर धापा टाकतात.
मी दारोदार फिरते, झाकणावरची कोळिष्टकं फुंकते,
मोबाइल धरते, फोटो काढते.
अंक स्पष्ट हवेत. सावली नको.
काचेवर स्वतःचं तोंड नको.
ट्रेनिंगमध्ये एवढंच शिकवलं होतं
आणि राईत तेवढ्यावरच भागवते.

वरच्या वाडीची वाट देवाच्या राईतून जाते.
चपला काढून हातात घ्यायच्या, मोठ्यानं बोलायचं नाही.
व्हाळ केव्हाच आटलाय,
एका कोंडीच्या तळाशी मात्र ओल टिकलीय
परातीएवढी.
तिच्यावर पिवळी, पांढरी, काळ्या रेघांची,
पंख मिटून खेटून बसलेली,
रेशनच्या रांगेत बसतात तशी,
फक्त इथं कुणी कुणाला ढकलत नाही.

मी पोटावर आडवी.
कोपराखाली पालापाचोळा, कानाशी चिलटं,
श्वास सोडला तरी रांग हलते
म्हणून तोही मोजून सोडते.

शेवंती चिपकर सुरंगीचे कळे काढून परतत होती,
डोकीवर पाटी, पाटीचा वास माणसाच्या आधी पोचलेला.
"गो बाय, हंयसर खंयचो मीटर?"
मी बोट ओठांवर ठेवलं.
ती पाटीसकट वाकली, मानेचा तोल न ढळू देता.
बघितलं. उठली.
"ही होय! ही माझ्या बोंडवांर
दारू पियान पडलेली असतत."

खरंच होतं.
तिच्या काजींखाली बोंडू कुजत पडलेले,
आंबूस, लाल, पिवळे, माशा घोंगावणारे,
आणि त्यांवर झिंगलेली फुलपाखरं.
बोटानं ढोसलं तरी उठत नव्हती.
एकाचे पंख वाहकाच्या जुन्या गणवेशाचे,
खाकी, धुऊन धुऊन विटलेले.
आणि एक, निळं काहीतरी उघडझाप करत आलं,
बसलं,
नाहीसं झालं.
उरलं किंजळाचं वाळकं पान,
मधल्या शिरेसकट, बुरशीच्या ठिपक्यांसकट,
एका कडेला किड्यानं कुरतडल्याची खूणही.
मी सतरा फोटो काढले.
रात्री घरी मोठे करून पाहिले.
त्यातल्या अकरांत खरंच पान होतं.

एकदा घाईत गावड्यांच्या ग्राहक क्रमांकावर
नीलवंत चढला.
काळाभोर, मागच्या पंखांवर निळा उजेड.
ऑफिसातून निरोप आला:
अंक दिसत नाहीत. पुन्हा जा.
मी पुन्हा गेले.
गावड्यांकडे नंतर.

आज ऊन सकाळीच पेटलं.
मनगटावर घाम, घामावर धूळ,
उजव्या हातात मोबाइल, कॅमेरा उघडा.
पाचोळ्यातून एक उठलं, दोनदा घुटमळलं
आणि येऊन बसलं
त्याच हातावर.

सोंड उलगडली.
ओल्या दोऱ्याचं टोक फिरवावं तसं
मनगटाच्या हाडाभोवती ते मीठ शोधत राहिलं.
इतक्या जवळून
त्याच्या डोळ्यांवरचे ठिपकेही मोजता आले असते.
"हलां नको," शेवंती पुटपुटली,
आयुष्यात पहिल्यांदाच हळू.
मी हलले नाही.
किती वेळ, ते सांगता येणार नाही.
माझ्या घामाचे किती युनिट गेले
तेही नाही.

कधीतरी बोटाचा भार बटणावर पडला असावा.
त्या सकाळचा हा एकच फोटो:
माती, माझ्या पायाचा अंगठा,
पाटीतून गळलेला सुरंगीचा एक कळा,
आणि वर कोपऱ्यात
पंखाची की झाडाची,
सावली.