खोबणी

बाळकुमच्या दुकानात शाजी
माझ्या जुन्या टायरवर तळहात फिरवतो
ताप आलाय का बघावं तसा.
मग खिशातलं रुपयाचं नाणं
खोबणीत उभं धरतो.
नाणं बुडत नाही.

"साहेब नाय आले?"
साहेब नाहीत. गाडी माझी आहे.
तो नाणं पुसून खिशात ठेवतो
आणि पुढचं सगळं मलाच विचारतो.

किती चालते? कुठे? माल काय?

कासारवडवलीला नर्सरी, मी सांगते.
पिकअप रोज निघते.
अरेका पाम, मनी प्लांट,
ऊन न बघता लॉबीत जगणारं जे जे असेल ते.
मानपाडा, माजिवडा, वाघबीळला कधी दोनदा.
आणि महिन्यातून दोन खेपा टोकावड्याच्या पुढे,
लाल मातीसाठी, शेणखतासाठी,
जिथे डांबर संपतं
आणि पुढचा रस्ता बैलगाड्यांनी ठरवलेला असतो.

मला मोठ्या गोट्यांचे दे. चिखलातले.

त्याने भिंतीवरून एक उतरवला.
काय टायर होता!
एकेक गोटी म्हशीच्या दाढेएवढी.
मी खोबणीत बोट घातलं,
दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.
तेवढ्या वेळात मी दोन चढ चढून आले.

"घ्या," शाजी म्हणाला, "पण घोडबंदरला हा दिवसभर
भुंग्यासारखा घुमणार. डिझेल जास्त पिणार.
ओल्या डांबरावर ब्रेक मारला
तर गाडी थोडी पुढे जाऊनच थांबणार.
आणि गोट्या झिजणार त्या सिग्नलला."
मग माझाच टायर माझ्यासमोर फिरवला.
"डोंगरातल्या टायरच्या कडा तुटतात, मॅडम. कापलं जातं.
हा बघा, कसा सरळ झिजलाय.
हा गायमुखला उभा राहून म्हातारा झालाय."

राग आला मला. खरं होतं म्हणून.
चार माणसांत स्वतःबद्दल बोलताना
मी नेहमी त्या दोन खेपांचंच सांगते.
बाकीच्या दिवसांचं
सांगण्यासारखं काय असतं?

पण भादव्यातली ती संध्याकाळ तरी खोटी नव्हती.
मागे दीड टन ओली माती,
चाक जागच्या जागी फिरतंय,
साबणावरून हात फिरावा तसं.
फोनला रेंज नाही.
बुध्या हिलम कुड्याच्या फांद्या घेऊन आला,
चाकाखाली अंथरल्या, खाली वाकून बघत म्हणाला,
"हवा काढ बाय. अर्धी काढ.
टायरचं पोट भुईला टेकू दे."
याच गुळगुळीत टायरांवर गाडी वर आली.
पैसे घेतले नाहीत त्याने.
मोगऱ्याचं एक रोप घेतलं,
याला खरंच फूल येतं ना, असं दोनदा विचारून.

हे शाजीला सांगितलं.
तो जरा वेळ गप्प बसला, मग कोपऱ्यातून
मधल्या जातीचा एक लोळवत आणला.
गोट्या आहेत, पण जवळ जवळ.
खोबणी आहे, बोटाचं एकच पेर बुडेल एवढी.
"दोन्हीकडे चालतो," तो म्हणाला.
"दोन्हीकडे थोडा थोडा कमी."

चार घेतले. वर हवेचा एक पंप आणि मीटर.
भाव करताना माझा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

आता मानपाड्याच्या उतारावर खालून आवाज येतो,
पण शेजारच्या खोलीत कुणी
भाजी निवडताना गुणगुणावं एवढाच.
रेडिओ ऐकू येतो. बहुतेक वेळा मी लावत नाही.

काल मंगळवारी, रविवारच्या खेपेनंतर,
एका टॉवरच्या गेटवर वॉचमन ओरडला:
मॅडम, चाकाला माती! आत्ताच धुतलंय सगळं!
मागे वळून बघितलं.
राखाडी पेव्हर ब्लॉकवर, गेटपासून लिफ्टपर्यंत,
लाल, ठसठशीत, एका ओळीत
माझी नवी नक्षी.

पुसते, म्हटलं.
आधी कुंड्या उतरवून घेते.